पास्त्याच्या ताटात नेमके काय असते?

नागपूरच्या गोकुळपेठेतल्या एखाद्या किराणा दुकानात पास्त्याची दोन पाकिटे शेजारी शेजारी ठेवलेली असतात आणि समोरून पाहिले तर दोन्ही सारखीच दिसतात. पाकीट उलटून घटकांची बारीक अक्षरांतली ओळ वाचली, म्हणजे फरक कळतो. एकावर ‘ड्युरम गव्हाचा रवा’ असे लिहिलेले असते. दुसऱ्यावर नुसता ‘मैदा’, किंवा आधी मैदा आणि त्यानंतर रवा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, त्यामुळे जे नाव पहिले, तोच पदार्थ पाकिटात सर्वांत जास्त. पास्ता मुलांना द्यावा का, मधुमेह असलेल्या माणसाने तो खाल्ला तर चालेल का, असे प्रश्न हल्ली घरोघरी विचारले जातात, आणि त्यांचे निम्मे उत्तर या एका ओळीत असते.

इटलीमध्ये १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्यापासूनच करण्याचे बंधन घातले. आपल्याकडे असे बंधन नाही. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमांप्रमाणे मॅकरोनीच्या जातीचे पदार्थ रव्यापासून किंवा मैद्यापासून, कसेही करता येतात. म्हणून ‘पास्ता म्हणजे मैदा’ हे सरसकट विधान चुकीचे आहे, आणि ‘पास्ता रव्याचाच असतो’ हेही तितकेच चुकीचे.

ड्युरम हे नाव परके असले, तरी गहू आपल्या ओळखीचा आहे. मराठीत त्याला बन्सी किंवा बक्षी गहू म्हणतात आणि मध्य प्रदेशात कठिया. माळव्यात तो मोठ्या प्रमाणावर पिकतो. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या इंदूर केंद्राने काढलेला ‘पुसा तेजस’ हा वाण आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा ‘एमएसीएस ४०२८’ हा वाण, दोन्ही ड्युरमचेच. त्यांपैकी दुसऱ्यात प्रथिनांचे प्रमाण १४.७ टक्के नोंदवलेले आहे. या गव्हाचा दाणा काचेसारखा कठीण असतो. जात्यात किंवा गिरणीत तो दळताना त्याचे मऊ पीठ सहज होत नाही, कणीदार रवा होतो, आणि त्या रव्याला जी पिवळसर झाक दिसते ती ल्युटीन या नैसर्गिक रंगद्रव्याची असते. शेवया आणि कुरडया करणाऱ्या जुन्या बायका बन्सी गहूच हवा असा आग्रह धरत, कारण त्याची शेवई शिजवल्यावर मोडत नाही आणि तिचा लगदा होत नाही. विदर्भात उन्हाळ्यात काडीला कणीक गुंडाळून आणि वाळवून सरगुंडे करतात आणि ते शिजवून आंब्याच्या रसाबरोबर वाढतात. पाणी कमी घालून घट्ट मळलेली कणीक, तिला दिलेला आकार आणि मग वाळवण, ही जी कृती आपल्या अंगणात होते, तीच पास्त्याच्या कारखान्यात यंत्राने होते. त्यामुळे पास्त्याकडे परदेशी चैनीचा पदार्थ म्हणून न पाहता गव्हाचा एक वाळवणाचा प्रकार म्हणून पाहिले, तर त्याच्या पोषणाचा हिशेब समजायला सोपा जातो.

हा हिशेब करताना पहिली चूक बहुतेक वेळा वजनात होते. पाकिटावरचे आकडे १०० ग्रॅम कोरड्या पास्त्याचे असतात आणि ताटात असतो तो शिजलेला पास्ता, ज्याने पाणी शोषून आपले वजन दुपटीहून अधिक केलेले असते. १०० ग्रॅम कोरड्या साध्या पास्त्यात साधारण ३५० ते ३७० किलोकॅलरी, ७५ ग्रॅम कर्बोदके, १३ ग्रॅम प्रथिने, ३ ग्रॅम तंतू आणि दीड ग्रॅम स्निग्धांश असतो. तोच शिजवून १०० ग्रॅम घेतला, तर सुमारे १६० किलोकॅलरी आणि ६ ग्रॅमच्या आतबाहेर प्रथिने मिळतात. घरी एकदा तरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ७० ग्रॅम कोरडा पास्ता मोजून एखाद्या वाटीत ओतून पाहावा. ती वाटी कुठपर्यंत भरली हे डोळ्यांत बसले, की पुन्हा काटा लागत नाही. प्रौढ माणसाच्या एका जेवणाला ६० ते ८० ग्रॅम कोरडा पास्ता पुरेसा होतो, आणि ७० ग्रॅम म्हणजे साधारण २५० किलोकॅलरी आणि ९ ग्रॅम प्रथिने. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,११० आणि स्त्रीला १,६६० किलोकॅलरी लागतात, असे आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात, म्हणजे एवढ्या पास्त्याने कोणाचेही गणित बिघडत नाही.

पोळीशी तुलना केल्याशिवाय आपल्या घरात कोणत्याही धान्याचा न्याय होत नाही, आणि ती करायलाच हवी. प्रथिनांच्या बाबतीत ड्युरमचा पास्ता कणकेपेक्षा किंचित सरस आहे आणि पांढऱ्या तांदळापेक्षा बराच. तंतूंच्या बाबतीत मात्र पोळी त्याला फार मागे टाकते: १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, साध्या पास्त्यात ३ आणि मैद्यात त्याहूनही थोडे कमी. लोहाचेही तसेच आहे. कोंडा आणि अंकुर दळताना वेगळे काढले, की त्यांच्याबरोबर तंतू, लोह आणि ब गटातील जीवनसत्त्वांचा मोठा वाटा निघून जातो, मग तो गहू कितीही उत्तम असो. अख्ख्या गव्हाचा पास्ता ही उणीव बरीच भरून काढतो. फक्त पाकिटावर ‘मल्टीग्रेन’ असे मोठे लिहून घटकांत पहिला मैदा आणि शेवटी २ टक्के नाचणी असेल, तर त्याला अख्ख्या धान्याचा पास्ता म्हणता येत नाही. हिरव्या-तांबड्या रंगाच्या ‘व्हेजिटेबल पास्त्या’बद्दलही हेच. त्यात पालकाची किंवा बिटाची भुकटी रंगापुरती असते आणि तिच्यामुळे मुलाने भाजी खाल्ली असे धरू नये.

आता रक्तातल्या साखरेकडे वळू, कारण पास्त्याची खरी खासियत इथे आहे आणि तिच्याबद्दल गैरसमजही इथेच आहेत. कोणताही कर्बोदकांचा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने आणि किती वर चढते, हे मोजण्यासाठी ग्लायसेमिक इंडेक्स ही मोजपट्टी वापरतात. शुद्ध ग्लुकोजला १०० धरले, तर पांढऱ्या ब्रेडचा आकडा ७५ च्या आसपास येतो, उकडलेल्या पांढऱ्या भाताचा ७३, गव्हाच्या पोळीचा ५२ आणि साध्या स्पॅगेटीचा ४९. ब्रेड आणि पास्ता दोन्ही गव्हाचेच, दोन्हींतून कोंडा काढलेला, तरीही एवढा फरक का पडावा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. याचे उत्तर पदार्थाच्या घडणीत आहे. ब्रेडच्या पिठात हवा भरून ते फुगवलेले असते. त्याचा प्रत्येक कण मोकळा असतो आणि पाचकरस स्पंजात पाणी शिरावे तसे त्यात शिरतात. पास्ता करताना थोड्याच पाण्यात भिजवलेला रवा मोठ्या दाबाने साच्यातून बाहेर काढतात. त्या दाबाखाली गव्हातील ग्लुटेन या प्रथिनाची घट्ट जाळी तयार होते आणि स्टार्चचे कण तिच्यात अडकून बसतात. वाळवल्यावर ही जाळी पक्की होते. असा तुकडा पोटात गेल्यावर पाचकरसांना ती जाळी बाहेरून आत पोखरत जावे लागते, त्यामुळे साखर सावकाश सुटते.

ही जाळी शाबूत ठेवणे स्वयंपाक करणाऱ्याच्या हातात असते. नळीच्या आकाराचा पेने पास्ता उकळत असताना आठव्या-नवव्या मिनिटाला एक तुकडा झाऱ्याने काढून पाटावर ठेवावा आणि सुरीने आडवा कापावा. नळीच्या भिंतीत, बाहेरच्या आणि आतल्या कडेच्या मधोमध, एक बारीक पांढुरकी रेघ दिसते. तिथपर्यंत पाणी अजून पोहोचलेले नसते. ही रेघ जेमतेम दिसेनाशी होण्याच्या बेतात असताना गॅस बंद करावा. इटालियन लोक या अवस्थेला ‘आल देन्ते’ म्हणतात, म्हणजे दाताला लागणारा. आपल्याकडे बहुतेक घरांत आणि गाड्यांवर पास्ता पार मऊ होईपर्यंत शिजवतात, त्याचे पाणी दुधासारखे पांढरे होते, आणि हा पांढरेपणा म्हणजे जाळीतून सुटून बाहेर आलेला स्टार्च असतो. मैद्याचा पास्ता इथे लवकर हार खातो, कारण त्याची जाळी मुळात कमकुवत असते. शिजवलेला पास्ता गार झाल्यावर त्यातील काही स्टार्च सहज न पचणाऱ्या रूपात बदलतो, हेही खरे आहे, पण तेवढ्यावर विसंबून ताट मोठे करण्याइतका हा फरक मोठा नाही.

मधुमेहाच्या रुग्णांनी यापुढचे वाक्य मात्र दोनदा वाचावे. इंडेक्स कमी असला, तरी प्रमाण वाढले की रक्तातल्या साखरेवरचा एकूण भार वाढतोच. हा भार काढण्याची रीत सोपी आहे: खाल्लेल्या कर्बोदकांचे ग्रॅम घ्यावेत, त्यांना इंडेक्सने गुणावे आणि १०० ने भागावे. ७० ग्रॅम कोरड्या पास्त्यात सुमारे ५२ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे भार २५ च्या पुढे जातो, आणि २० च्या वरचा भार जास्त समजतात. तोच पास्ता ४० ग्रॅम घेतला, तर भार १५ च्या आत राहतो. मग भूक भागवायची कशी? उरलेली जागा भाजी आणि उसळीला द्यावी. भोपळी मिरची, गाजर, फ्लॉवर, वाटाणे मिळून दीडशे ग्रॅम आणि मूठभर उकडलेले काबुली चणे घातले, तर ताट भरलेले दिसते आणि पोटही तीन तास शांत राहते. ज्यांना साखर मोजण्याचे यंत्र घरी उपलब्ध आहे, त्यांनी असे जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी स्वतःची साखर मोजून पाहावी, कारण प्रत्येकाचे शरीर वेगळे असते आणि औषधांचा मेळ डॉक्टरांनाच घालावा लागतो.

पास्त्याला बदनाम करण्याचे काम बहुतेक वेळा त्याच्यावरच्या सॉसने केलेले असते. पांढऱ्या सॉसच्या एका ताटात २० ग्रॅम लोणी, ५० मिलिलिटर क्रीम आणि ३० ग्रॅम चीज गेले, असे धरू. बाहेरच्या ताटात हे प्रमाण अवास्तव नाही. लोण्याच्या सुमारे १४५, क्रीमच्या १२० आणि चीजच्या ९५, अशा मिळून ३६० किलोकॅलरी झाल्या, आणि खालचा ७० ग्रॅम पास्ता स्वतः फक्त २५० च्या घरात होता. याउलट पिकलेल्या टोमॅटोचा सॉस दोन चमचे तेलात, लसूण आणि भरपूर सांबार घालून केला (नागपूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी: आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो), तर तो ९० ते १२० किलोकॅलरीत होतो. टोमॅटोतील लायकोपीन हे लाल रंगद्रव्य तेलात शिजल्यावर शरीराला अधिक चांगले मिळते, हा वरचा लाभ.

मिठाचा मुद्दा थोडक्यात. दिवसाला सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. साध्या पास्त्यात मीठ जवळजवळ नसते. झटपट पास्त्याबरोबर मिळणाऱ्या मसाल्याच्या पुडीत ते भरपूर असते. पाकिटावर सोडियम लिहिलेले असते आणि ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण १ ग्रॅम मीठ, एवढे लक्षात ठेवले की पुरे. मुलांसाठी घेतलेल्या पाकिटातली ती पुडी बाजूला ठेवून घरचा मसाला वापरणे, हा माझ्या मते सर्वांत सोपा आणि सर्वांत परिणामकारक बदल आहे.

मुलांच्या बाबतीत प्रश्न कॅलरींपेक्षा निराळा आहे. ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १,३६० किलोकॅलरी, १६ ग्रॅम प्रथिने आणि ११ मिलिग्रॅम लोह लागते. त्याच्या जेवणाला ३५ ग्रॅम कोरडा पास्ता पुरतो. त्यातून साडेचार ग्रॅम प्रथिने मिळतात, पण लोह अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच मिळते. अमेरिकेत पास्त्यात लोह आणि फॉलिक ॲसिड मिसळण्याची पद्धत आहे, म्हणून तिकडच्या लेखांत पास्ता लोहाचा चांगला स्रोत म्हणून दाखवलेला दिसतो. आपल्या पाकिटावर तसे स्पष्ट लिहिले नसेल, तर ते लागू होत नाही. आणि आपल्याकडे लोहाचा प्रश्न किरकोळ नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. अशा परिस्थितीत आठवड्यातून तीन-चार वेळा वरण, भाजी आणि पोळीच्या जागी नुसता चीज घातलेला पास्ता येत असेल, तर मूल गुटगुटीत दिसत असूनही आतून रिकामे राहू शकते, आणि ही गोष्ट मला मनापासून काळजीची वाटते.

यावरचा उपाय आपल्या वरणफळांत आधीच दडलेला आहे. वरणफळे म्हणजे कणकेचे तुकडे तुरीच्या वरणात शिजवणे. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळींत ते भरपूर असते, त्यामुळे दोन्ही एकत्र आले की प्रथिनांचा दर्जा वाढतो. जो पास्ता मुलाला आवडतो, तोच घट्ट वरणात, टोमॅटो आणि मेथी किंवा पालक घालून शिजवला, तर त्याला फार पटवावे लागत नाही. सोयाबीन तर विदर्भाच्या शेतातच आहे. १० ग्रॅम कोरड्या सोयावड्या भिजवून, बारीक करून सॉसमध्ये मिसळल्या, तर ५ ग्रॅम प्रथिने सहज वाढतात आणि मुलाला त्या दिसतही नाहीत. मांसाहारी घरांत अंडे किंवा चिकनचा खिमा घालावा. खिम्यातील लोह शरीर अधिक चांगले शोषते. वनस्पतींमधील लोह शोषले जाण्यासाठी क जीवनसत्त्वाची मदत लागते, म्हणून पास्त्यावर लिंबू पिळावे किंवा जेवणानंतर लगेच एक संत्रे द्यावे. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास आणि मृग बहाराची फेब्रुवारीनंतर, अशी वर्षातून दोनदा ती नागपुरात रस्तोरस्ती मिळतात. ज्यूसपेक्षा फोडी बऱ्या, कारण त्यांत तंतू राहतात, आणि ६ ते ९ वर्षांच्या मुलांना दिवसाला किमान २१ ग्रॅम तंतू मिळावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे. जेवणाबरोबर चहा मात्र मोठ्यांनीही टाळावा. तो लोह अडवतो.

सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले, की बाळाला गहू देता येतो आणि मऊ शिजवून कुस्करलेला पास्ताही देता येतो. इथे ‘दाताला लागणारा’ हा नियम लागू नाही. पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत त्यात मीठ घालू नये. लांब स्पॅगेटीचे लहान तुकडे करावेत आणि बाळ बसलेले असतानाच, समोर थांबून भरवावे. पहिल्यांदा देताना थोडेसेच द्यावे; अंगावर पित्त उठले, ओठ सुजले किंवा उलट्या झाल्या, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे. मूल मोठे असून त्याचे वजन वाढत नसेल, पोट फुगलेले राहत असेल आणि जुलाब महिनोन्महिने सुरू असतील, तर सिलिॲक आजाराची शक्यता तपासावी लागते. या आजारात ग्लुटेन आयुष्यभर बंद करावे लागते. बन्सी किंवा खपली गहू वापरूनही उपयोग होत नाही, कारण ग्लुटेन त्यांतही असते. पण रक्ताची तपासणी होण्याआधी आपल्या मनाने गहू बंद करू नये, कारण आहारात ग्लुटेन नसेल तर तपासणी खोटी स्वच्छ येऊ शकते. ज्यांना हा आजार किंवा गव्हाचा त्रास नाही, त्यांनी महागडा ग्लुटेनविरहित पास्ता घेण्याचे कारण नाही. तो बहुधा तांदूळ आणि मक्याचा असतो आणि त्यात प्रथिने कमी असतात.

शेवटचा मुद्दा डब्याचा, आणि तो खास आपल्या हवेचा आहे. शिजलेला भात किंवा पास्ता ऊबदार राहिला, की त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांनी एकदा तयार केलेले विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. शिजलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त आणि ३२ अंशांच्या वरच्या हवेत एक तासापेक्षा जास्त ठेवू नये, असा संकेत आहे. नागपुरात मार्च संपतानाच पारा चाळिशीकडे झुकतो आणि शाळेचा डबा सकाळी सातला भरून दहा-साडेदहाला उघडला जातो. म्हणून मार्चपासून उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत, आणि जूनअखेर शाळा उघडल्यावर पाऊस रुळेपर्यंत, दूध-क्रीमच्या सॉसचा पास्ता डब्यात देऊ नये. त्या दिवसांत पोळी आणि कोरडी भाजी द्यावी, आणि पास्ता मूल घरी परतल्यावर ताजा शिजवून वाढावा.